अठराव्या टोपलीपाशी घेतलेला घोट

१४ ऑक्टोबर, रविवार. प्रवेश फी बाराशे पन्नास. वहिनींनी ती सकाळी सात वाजता, सुट्ट्या पैशांसकट, टेबलावर ठेवली आणि पलीकडे पावत्या फाडत बसलेल्या भावोजींना म्हणाल्या, "मोजून घ्या. घरचं माणूस म्हणून सूट नको, आणि घरचं माणूस म्हणून दोनदा मोजणंही नको."

"तुमच्याकडून घेताना मी तीनदा मोजतो," भावोजी म्हणाले.

"मोजा, मोजा. मीटर वाचून वाचून डोळे गेलेत तुमचे."

भावोजी पाणीखात्यात मीटर तपासायच्या कामावर होते आणि सुट्टीच्या दिवशी या मैदानाचे मुख्य पंच. मैदान म्हणजे शहराच्या कडेची जुनी बाग. मध्ये तळं, तळ्याच्या एका अंगाला टेकाड, दुसऱ्या अंगाला उपाहारगृहाची गच्ची. बागेत ठिकठिकाणी अठरा लोखंडी टोपल्या उभ्या केलेल्या, प्रत्येकीवर साखळ्यांचा झुबका. गोल्फमध्ये चेंडू खड्ड्यात घालतात, इथे तबकडी साखळ्यांवर आपटून टोपलीत पाडायची. सगळ्यात कमी फेकींत अठरा टोपल्या संपवील तो पहिला. खेळाचं नाव डिस्क गोल्फ, पण बागेत फिरायला येणारे लोक त्याला "ताटल्यांचा खेळ" म्हणत आणि भावोजींनी ते केव्हाच मनावर घेणं सोडून दिलं होतं.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. त्या दिराला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "ओ भावोजी" अशी हाक मारत, त्यामुळे हळूहळू ते सगळ्यांचेच भावोजी झाले आणि त्या सगळ्यांच्या वहिनी. खरी नावं फक्त नोंदणीच्या कागदावर उरली.

वहिनींचा धंदा गाद्या आणि सीटकव्हरांचा. बसडेपोच्या मागच्या गल्लीत एक शटरचं दुकान, आत रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, एक जाड सुयांचं मशीन आणि भिंतीला टेकवलेली फाटक्या सीटांची रांग. मशीन जिथे पोचत नाही तिथे वाकड्या सुईने हातशिलाई करावी लागते. मेणाचा दोरा ओढायला मनगट लागतं. नवशिके कारागीर दोन्ही हातांनी ओढतात, वहिनी एका हाताने, बोलता बोलता ओढत. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरच्यांना वाटलं होतं, ही दुकानात गल्ल्यावर बसेल. ती पाटावर बसली आणि वर्षभरात दोन कारागिरांची कामं एकटी करू लागली.

खेळाशी त्यांची गाठ भावोजींमुळेच पडली. नवीन नवीन नाद लागला होता, तेव्हा ते डेपोमागच्या मोकळ्या जागेत तबकडी फेकायचा सराव करत. एकदा वाऱ्याने तबकडी वळली ती सरळ दुकानात शिरली आणि मेणाच्या डब्यावर आदळली. वहिनी ती घेऊन बाहेर आल्या. भावोजींनी मान खाली घातली. वहिनींनी विचारलं, "कुठे पाहिजे?"

"इकडे फेका, हातात येईल."

"हातात नको. तिकडे तो ड्रम दिसतोय, त्यात चालेल?"

ड्रम त्या मोकळ्या जागेच्या पार टोकाला होता. वहिनींनी मनगट वळवलं, तबकडी जमिनीला समांतर गेली आणि ड्रमच्या कडेवर खणकन वाजून आत पडली. वहिनी आत जाऊन परत सीट शिवू लागल्या. भावोजी ड्रमपाशी जाऊन आत वाकून बघत राहिले. कित्येक महिने घाम गाळून जे त्यांना येत नव्हतं, ते हिने मेणाचे हात पुसत करून टाकलं होतं. तेव्हापासून भावोजींच्या मनात वहिनींच्या हाताबद्दल जे बसलं ते कायमचं. त्याला कौतुक म्हणणं कमी पडेल. मोठं झाड बघताना माणूस जसा गप्प होतो, तसं काहीतरी.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. वहिनी सत्तावन्न वर्षांच्या झाल्या. मैदानावरच्या सगळ्या लहानमोठ्या स्पर्धा जिंकून झाल्या, एक सोडून. ही ऑक्टोबरची स्पर्धा. हिच्यात पहिला येईल तो एकटाच राष्ट्रीय स्पर्धेला जातो, बायका-पुरुष, तरुण-म्हातारे असा भेद नाही. वहिनी चारदा दुसऱ्या आल्या होत्या. आणि आता उजव्या अंगठ्याच्या सांध्याचं हाड झिजलं होतं. दोरा ओढून ओढून. डॉक्टरांनी नोव्हेंबरची तारीख दिली होती. ऑपरेशननंतर भांडी धरता येतील, सुई धरता येईल, पण तबकडीची ती जोराची चिमटीतली पकड पुन्हा येणार नाही, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"म्हणजे यंदा नाहीतर कधीच नाही," दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, घरी म्हणाले होते.

"असं तोंडावर बोलायचं नसतं," भावोजी त्यांना म्हणाले.

"अहो, लिफ्ट दुरुस्त करतात ते," वहिनी म्हणाल्या. "वर नाहीतर खाली. मधलं काही त्यांना कळत नाही."

सकाळी साडेसातला भावोजींनी सगळ्या खेळाडूंना गोळा केलं आणि दरवर्षीचं भाषण केलं. भाषणात एकच नियम ते दोनदा सांगत. "पहिली सूचनेची शिट्टी वाजली की खेळ सुरू. गुणांचं कार्ड सह्या होऊन माझ्या टेबलावर आलं की खेळ संपला. या दोहोंच्या मध्ये दारू प्यायची नाही, जवळ बाळगायची नाही. बिअर म्हणजे दारूच. हलकी असली तरी दारूच. बाद म्हणजे बाद. ताकीद उशिरा येणाऱ्याला असते, दारूला ताकीद नाही."

"भावोजी, खोकल्याचं औषध?" सलूनवाल्याने मागून विचारलं. तो खेळाडू नव्हता. दर रविवारी दुकान बंद ठेवून तमाशा बघायला येई.

"तुझ्या खोकल्याचं औषध मला माहीत आहे. तू गच्चीवर बस."

सगळे हसले, पण पोस्टमन तेवढा हसला नाही. आदल्या वर्षी तो पहिला येत होता. बाराव्या टोपलीपाशी त्याने पावसाळी कोट काढायला पिशवी उघडली आणि वाढदिवसाला मित्रांनी घातलेला बिअरचा बंद डबा गवतावर घरंगळला. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. भावोजींनी त्याला बाद केलं. नियम पिण्याचा तसा बाळगण्याचाही. पोस्टमन चार महिने भावोजींशी बोलला नाही. त्यांची पत्रं मात्र वेळेवर टाकत राहिला.

एरवी हे मैदान काही सोवळं नव्हतं. बुधवारच्या संध्याकाळी मैत्रीचे सामने होत तेव्हा बिअर चाले, आणि तिथे एक रीत पडून गेली होती. कुणाची तबकडी पहिल्याच फेकीत टोपलीत पडली, की ती तबकडी उलटी करायची. उलटी तबकडी म्हणजे उथळ ताटलीच. तीत बिअर ओतायची आणि फेकणाऱ्याने ती दोन्ही हातांनी धरून एका दमात प्यायची. बाकीच्यांनी टोपलीच्या साखळ्या वाजवायच्या. पहिल्या फेकीत टोपली म्हणजे वर्षातून कधीतरी होणारी गोष्ट. वहिनींच्या नावावर अशा पाच होत्या. एरवी त्या दारूला शिवत नसत, पण त्या तबकडीला नाही म्हणणं त्यांना अपशकुन वाटे.

खेळ सुरू झाला. शेवटच्या गटात तिघं होते: वहिनी, पोस्टमन आणि एका शाळेतले चित्रकलेचे मास्तर. मास्तर पाचव्या टोपलीपासूनच मागे पडले आणि त्यांनी आनंदाने गुण लिहायचं काम अंगावर घेतलं. वहिनी आणि पोस्टमन मात्र एकमेकांची पाठ सोडत नव्हते. वहिनींनी अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली होती. प्रत्येक फेकीनंतर त्या हात काखेत दाबून धरत आणि कुणी बघतंय असं वाटलं की तोच हात कमरेवर ठेवत.

अठराव्या टोपलीला आले तेव्हा पोस्टमन एका फेकीने पुढे होता.

अठरावी टोपली तळ्यापलीकडे, गच्चीच्या खालच्या हिरवळीवर. फेकायचं टेकाडावरून. मध्ये पाऊणशे मीटर पाणी. शहाणे लोक पहिली तबकडी डाव्या काठाने वाटेवर टाकत, तिथून टोपलीजवळ, मग टोपलीत. तीन फेकी. सरळ पाण्यावरून फेकायचं धाडस करणारे होते, त्यांच्या तबकड्या तळ्याच्या गाळात होत्या. पहिल्या फेकीत अठरावी टोपली कुणालाही मिळाली नव्हती. भावोजी टोपलीशेजारच्या हिरवळीवर टेबल मांडून कार्डांची वाट बघत होते, तिथून त्यांना टेकाडावरची माणसं बोटाएवढी दिसत होती.

पोस्टमनने तबकडी डाव्या वाटेवर टाकली. नीट टाकली. त्याला तीन पुरे होते, कारण वहिनींनाही तीन लागले की तो जिंकत होता.

वहिनी पुढे आल्या. त्यांनी डाव्या वाटेकडे पाहिलंही नाही. चिकटपट्टी सोडली, गोळा करून खिशात घातली, पाठ तळ्याकडे केली आणि फिरल्या.

तबकडी निघाली ती उजवीकडे. फार उजवीकडे. गच्चीवरून "अरेरे" असा आवाज आला. तिकडे लव्हाळ्यांचं बेट होतं आणि त्यात गेलेली वस्तू पुन्हा कुणी पाहिली नव्हती. भावोजी टेबलामागून उठले. त्यांना तबकडीचं पोट दिसत होतं, पिवळं, कलतं. ती बेटावर पोचली आणि तिथे, पाण्याच्या बरोबर वर, जणू कुणीतरी तिला मागून नावाने हाक मारली. ती सावकाश सरळ झाली. मग डावीकडे वळू लागली. पाण्यात तिची सावली धावत होती आणि वर ती मात्र बिनघाईची, घारीसारखी, पंख न हलवता खाली येत होती. गच्चीवरचे चमचे थांबले. भावोजींना एकदम जाणवलं की आपण श्वास घेत नाही आहोत, आणि घ्यावा असंही वाटत नाही आहे. काठाला लागेल असं वाटलं, लागली नाही. हिरवळीच्या हातभर वरून आली, किंचित उचलली गेली, आणि साखळ्यांनी तिला धरलं.

तो आवाज भावोजींनी हजारदा ऐकला होता. तरी तेवीस वर्षांपूर्वी ड्रममध्ये वाकून बघितलं होतं तसे ते टोपलीपाशी गेले आणि वाकून बघत राहिले. पिवळी तबकडी आत शांत पडली होती.

मग गलका. तिघं तळ्याला वळसा घालून येईपर्यंत गच्ची निम्मी खाली उतरली होती. पोस्टमनने आपल्या उरलेल्या दोन फेकी नीट पुऱ्या केल्या, तीन झाल्या, आणि त्याने स्वतःच वहिनींचा हात वर केला. वहिनी एका फेकीने जिंकल्या होत्या. चित्रकलेचे मास्तर कार्डावर बेरीज करायला खाली बसले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून आकडे दिसेनात.

तेवढ्यात सलूनवाला उपाहारगृहातून भरलेला ग्लास घेऊन धावत आला. कुणीतरी तबकडी टोपलीतून काढून वहिनींच्या हातात उलटी दिली, सलूनवाल्याने ओतली, लोकांनी साखळ्या वाजवल्या, आणि वहिनींनी इतक्या वर्षांच्या सवयीने तबकडी तोंडाला लावली. एक घोट गेला. दुसरा घ्यायला त्यांनी मान मागे केली आणि तिथेच थांबल्या.

मधल्या एखाद्या टोपलीपाशी हे झालं असतं तर शंभर जणांनी त्यांचा हात धरला असता. खेळ चालू आहे हे तिथे सगळ्यांना दिसतं. शेवटच्या टोपलीत तबकडी पडली की मात्र ज्याला त्याला वाटतं, संपलं. कार्ड अजून मास्तरांच्या मांडीवर होतं. एकाही सहीविना.

भावोजींनी घोट पाहिला होता. गळ्याची हालचालसुद्धा पाहिली होती. पण पंचाने पाहिलं की पंचाला लिहावं लागतं. भावोजी खाली बसले आणि टेबलावरच्या पेन्सिली एका ओळीत लावू लागले. उन्हाची तिरीप होती. माणसाला उन्हात काय दिसतं, काय नाही. त्यांनी सहावी पेन्सिल सरळ केली.

समोर सावली पडली.

"भावोजी."

"अभिनंदन वहिनी. कार्ड आणलंत?"

"कार्ड मास्तर आणतायत. त्याआधी सांगते. घोट घेतला."

"कसला?"

"वर बघा ना. पेन्सिली कुठे पळून चालल्यात? बिअरचा घेतला. एक."

भावोजींनी वर पाहिलं. वहिनींनी तबकडी टेबलावर पालथी ठेवली होती आणि तिच्याखालून बिअरचा ओघळ पावत्यांच्या दिशेने निघाला होता.

"नुसते ओठ ओले झाले असतील," भावोजी हलक्या आवाजात म्हणाले. "गर्दीत कुणीतरी तोंडाला लावली. तुम्ही कुठे…"

"गिळला."

"वहिनी, तोंडी ताकीद देऊन…"

"ताकीद उशिरा येणाऱ्याला. दारूला ताकीद नाही. सकाळी दोनदा सांगितलंत, मला एकदाच पुरलं असतं."

आता आजूबाजूच्यांना कळलं. सलूनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "माझी चूक आहे! मी ओतली! मला बाद करा!"

"तू खेळतोस का, तुला बाद करायला?" वहिनी म्हणाल्या. "तू ओतलीस, मला कुणी नाक दाबून पाजली नाही."

"मी काही पाहिलं नाही," पोस्टमन पुढे येऊन म्हणाला. "भावोजी, मी तिथेच होतो. मी पाहिलं नाही. मास्तरांनीही नाही. असली जीत मला नको."

"तुला नको असून काय उपयोग?" वहिनी त्याच्याकडे वळल्या. "पत्र टाकताना तू घरोघरी विचारतोस का, हवंय की नको? वर ज्याचं नाव, त्याच्या दारात टाकतोस. आज तुझं नाव आहे. घे गपचूप."

"गेल्या वर्षी माझा डबा तर उघडलाही नव्हता," पोस्टमन म्हणाला, आणि मग त्यालाच काय बोललो ते कळलं नाही.

"हो ना. आणि मी तेव्हा भावोजींच्या बाजूने बोलले होते. तोंड वर करून." वहिनींनी भावोजींकडे पाहिलं. "लिहा."

भावोजींच्या हातातली पेन्सिल लिहीना. त्यांना समोर बाई दिसत होती ती साधीच. कपाळावर घामाने चिकटलेले केस, काखेत दाबलेला उजवा हात. हातातोंडाशी आलेला घास तिने स्वतः उचलून परत ताटात ठेवला होता, आणि तोही कसा, तर शिलाई चुकली म्हणून गिऱ्हाइकाला आपणहून सांगावं तसा. मघाशी पाण्यावरून तबकडी येताना त्यांना वाटलं होतं की याहून मोठं काही या बागेत बघायला मिळणार नाही. आपण किती घाई केली, असं आता त्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की खाली पुन्हा एकदा लिहावं लागलं.

गच्चीवर दादा होते. त्यांना खाली काय चाललंय ते कळायला वेळ लागला. ते जिना उतरून आले, सगळं ऐकलं, वहिनींच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "आयुष्यात दारूवरून घरात भांडण नाही झालं आपलं. आज करायचं का?"

"घरी चला, मग बघू," वहिनी म्हणाल्या आणि मागे वळून न बघता चालू लागल्या.

मंगळवारी भावोजींची डेपोमागच्या गल्लीत मीटरची पाळी होती. वहिनी पाटावर बसून बसची सीट उसवत होत्या.

"वाईट वाटलं का?" भावोजींनी दारातूनच विचारलं.

"हा काय प्रश्न झाला? सकाळपासून तिसऱ्यांदा उसवतेय. तेवीस वर्षं वाट पाहिली आणि एका घोटात घालवली. मी काय दगड आहे?"

"मग गप्प राहायचं होतं. मी राहणारच होतो."

"दिसलं मला ते. पेन्सिली काय, टेबल काय." वहिनींनी दोरा दातात धरून तोडला. "गेले असते हो मी तिकडे. पण पहिली तबकडी फेकायला उभी राहिले असते ना, की जिभेवर बिअर आली असती. आणि मला तर ती आवडतही नाही."

भावोजी हसले. मग मीटर वाचायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. आकडा एवढा अवघड नव्हता.

पोस्टमन राष्ट्रीय स्पर्धेला गेला, एकतिसावा आला. वहिनींचं ऑपरेशन नोव्हेंबरात झालं. सुई धरता येते. उजव्या हाताने तबकडी जात नाही, म्हणून बुधवारी त्या डाव्या हाताने फेकतात. निम्म्या तबकड्या तळ्यात पडतात, आणि भावोजी काठावर उभे राहून त्या बघत असतात. लोक म्हणतात, डाव्या हाताच्या फेकीत काय बघण्यासारखं आहे? भावोजी पुढची फेक बघायला एक पाऊल पुढे सरकतात.

त्या दिवशीच्या बिअरच्या ग्लासाचे एकशे चाळीस उपाहारगृहाच्या मालकाला कुणीच दिले नाहीत. सलूनवाला म्हणतो, प्यायल्या वहिनी. वहिनी म्हणतात, मागवली त्याने. एकशे चाळीस अजून बाकी आहेत.